आठ रिकाम्या ओळी

टॉडमॉर्डनमध्ये कालव्याच्या काठाला
खाली खाटकाचं दुकान, वर आम्ही दोघं.
आधी नुसती पानं जुळवायचो,
हल्ली जुळवलेली मोडतोही.

म्यूरिएल ग्रीनवुडबाईंचं पुस्तक मार्चमध्ये छापून झालं:
नवऱ्याच्या वहीतल्या नोंदी, शर्यतीची कबुतरं, चाळीस वर्षं.
आता नातीला ते फोनवर हवंय.
"एक्सपोर्ट कर की, दोन मिनिटांचं काम,"
डेस्मंड म्हणाला, आणि चहा करायला उठला.

पहिल्या खेपेला
सगळी कबुतरं उडून शेवटच्या प्रकरणात जाऊन बसली.
तेवीस फोटो, आभाराच्याही नंतर, तारेवर बसल्यासारखे.
चूक माझीच. पानावर मी त्यांना नुसतं ठेवलं होतं,
मजकुराशी बांधलं नव्हतं.
पानाला शेजार कळतो.
फाइलला कळतं फक्त आधी आणि नंतर.
मग एकेकाला धरून त्याच्या त्याच्या वाक्यात अँकर केलं,
पायात कडी घालतात तसं.

दुसऱ्या खेपेला अनुक्रमणिका कोरी.
मथळे सगळे साध्या मजकुरात मिसळलेले,
आणि ओळ संपली म्हणून मी हातानं तोडलेले शब्द
ओळीच्या मधोमध, हायफनसकट,
गाडी चुकल्यासारखे उभे.
स्टाइलच्या नावापुढे ते बारीक अधिकचं चिन्ह:
कुणीतरी वरून काहीतरी केलंय.
कुणीतरी म्हणजे मी, फेब्रुवारीतल्या एका रात्री,
सकाळी छपाईला द्यायचं म्हणून
इथे अर्धा पॉइंट ओढून, तिथे नुसतंच ठळक करून.
कागद असलं सगळं पोटात घालतो.
फाइल एकेक आठवण करून देते.

बदल पुसायला एक बटण आहे.
पण ते दाबलं की तिरपी अक्षरंही सरळ होतात,
आणि कबुतरांची नावं तिरपी आहेत.
म्हणून आधी प्रत्येक नावाला स्वतःची स्टाइल दिली, मगच पुसलं.
(माझ्या नावापुढेही असं चिन्ह असणार.
मूळ स्टाइल मिरज. वरून केलेले बदल
कुणी मोजलेले नाहीत. ते बटण मी शोधतही नाही.)

तिसरी खेप स्वच्छ निघाली. फारच स्वच्छ.
बाईंचा फोन आला.
"सत्त्याऐंशीच्या जुलैनंतर तू काय काढलंस?"
काही नाही, मी म्हणाले. फक्त जादाचे एंटर.
टायपिंगची सवय असते लोकांना,
दोन एंटर दिसले की एक करायचा, हजार ठिकाणी, एका फटक्यात.
"तिथे आठ होते," त्या म्हणाल्या. "मी मोजून दिले होते."

नांतहून सोडलेली एकसष्ट कबुतरं. वाटेत वादळ.
क्लिफर्ड खुराड्याची खिडकी उघडी ठेवून बसायचा
शनिवार आला की, असे आठ शनिवार,
आणि वहीत तारीखसुद्धा घालायचा नाही.
"त्या नोंदी आहेत गं," बाई म्हणाल्या.
फोनमध्ये किटली वाजायला लागली, तरी त्यांनी ठेवला नाही.

नवी परिच्छेद-स्टाइल. नाव: शनिवार.
आठ परिच्छेद, आणि प्रत्येकात एकेक न तुटणारी स्पेस,
म्हणजे कुठलंही यंत्र त्यांना फुकटची जागा समजून
गिळणार नाही.
तपासणीच्या प्रोग्रॅमनं तरी पिवळा इशारा दिलाच:
रिकामे परिच्छेद, आठ.
लाल नव्हता. पिवळ्यावर फाइल जाते.

पाठवण्याआधी डेस्मंडच्या फोनवर उघडून पाहिली.
त्याला चष्मा लागतो, पण तो लावत नाही, अक्षरं मोठी करून ठेवतो;
त्यामुळे आठ ओळी एका स्क्रीनवर मावेनात,
पुढच्यावर सांडल्या.
त्यानं बोट फिरवलं. कोरं.
काचेवर दोनदा टकटक केलं.
"हँग झालंय."
नाही, म्हटलं, थांब जरा.
पाचवा शनिवार आहे.